पाकिटातलं शेवटचं पान

दत्ता, तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही.

वक्त्यांमध्ये माझं नाव तिसरं होतं. आधी प्रकाशक, मग तुझ्या कंपनीतले साहेब, मग मी. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या आणि टेबलावर तुझा तो फोटो होता, इस्त्रीच्या शर्टातला, भांग पाडलेला. वीस वर्षांत तुझा भांग मी पाहिला नव्हता. प्रकाशक माइकवर म्हणाले, "मुलांच्या जगातला जादूगार अंतर्धान पावला." पुढच्या रांगेत दोघींनी डोळ्यांना पदर लावला. साहेब म्हणाले, दत्तात्रय म्हणजे शिस्तीचा माणूस, ड्रॉइंग नेहमी वेळेच्या आधी टेबलावर. तिथं मला हसू फुटणार होतं. मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, घशाकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि चपला घालून जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी तुझ्या मंगलचा फोन आला. "ताई, सगळे म्हणत होते, बाईंना दुःखानं शब्दच फुटेना."

दुःखानं कसलं? शब्द फुटला असता तर तुझ्या बायकोला खाली मान घालून बसावं लागलं असतं. मला तुला फाडफाड बोलायचं होतं, आणि शोकसभेत ती पद्धत नाही. म्हणून हे लिहिते आहे. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. तसंही मी लिहिलेलं तू नीट कधी वाचायचास?

मी तेव्हा पंचवटीतल्या एका शाळेत तिसरीला शिकवत होते आणि तुझी सोनल माझ्या वर्गात होती. पालकसभेत तू मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होतास. मला वाटलं, झोपलाय. जवळ जाऊन बघते तर सोनलच्या वहीच्या मागच्या पानावर तू शाळेचा गळका नळ काढला होतास. अख्खा नळ, आणि शेजारी त्याचे सुटे भाग, वायसरसकट, प्रत्येकाला बाण. मी विचारलं, "माणसं काढता येतात का?"

"नटबोल्ट येतात बाई. माणसं बघतो प्रयत्न करून."

त्या दिवसापासून मी तुझी बाई झाले. मी तुला महिनाभरात अरेतुरे करायला लागले, पण तू शेवटपर्यंत तुम्हीच म्हणालास. अंबडच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये आठवडाभर गिअरच्या पेट्या काढायच्या, आणि रविवारी सकाळी पाथर्डी फाट्यावरून स्कूटरनं माझ्याकडे येऊन गुंजीची पुस्तकं करायची. सहा पुस्तकं झाली आपली. बाजाराच्या गावात ओट्यावर पोतं अंथरून जादू करणारे फुंकरआजोबा, आणि त्यांच्यामागे फिरणारी, प्रत्येक गोष्टीला 'कसं काय?' विचारणारी गुंजी.

खरं तर 'कसं काय?' हा तुझाच स्वभाव. मी गुंजीला चोरून दिला.

पहिल्याच पुस्तकावरून आपलं वाजलं. मी लिहिलं होतं की आजोबा फुंकर मारतात आणि नाणं नाहीसं होतं. तू पेन्सिल खाली ठेवलीस. "कुठं जातं?"

"नाहीसं होतं. जादू आहे, दत्ता."

"पण कुठं जातं? मला काढायचंय ना. वस्तू असते तर ती कुठंतरी असते. जादूला मागची बाजू पाहिजे, बाई."

तीन रविवार आपण त्यावर भांडलो. मंगलनं एकदा डब्यात थालिपीठं पाठवली, ती भांडताना गार झाली. शेवटी तडजोड झाली. उजव्या पानावर जादू, आणि पान उलटलं की तिची मागची बाजू, म्हणजे मुलांना घरी करता येईल अशी. नाणं कुठं गेलं, तर डबीला दोन तळ आहेत आणि नाणं खालच्या तळात आहे. पण प्रत्येक पुस्तकात एक जादू माझी. तिला मागची बाजू नाही. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी आजोबा पिंपळाच्या वाळक्या पानावर फुंकर मारतात, पान वाऱ्याच्या विरुद्ध वर जातं आणि हिरवं होऊन खाली येतं. कसं? माहीत नाही. मुलांची पत्रं यायची, बाई, पान कसं जातं ते सांगा ना. तू म्हणायचास, "मुलांचं सोडा, मलाच माहीत नाही. जे मला माहीत नाही ते मी सहा वेळा काढलंय. लाज वाटते."

त्याच पहिल्या पुस्तकात आणखी एक भांडण झालं होतं. ते मी विसरले होते. दोन तळांची डबी तू काढलीस आणि खालच्या तळातलं नाणं नुसत्या तुटक रेघांनी दाखवलंस, टिंबटिंब असतात तशा. मी म्हटलं, "हे काय अर्धवट? मुलांना वाटेल चित्रकाराला कंटाळा आला. भरून टाक." तू काहीतरी समजावून सांगायला लागलास. कुकरची शिट्टी झाली आणि मी आत गेले. बाहेर आले तेव्हा तू डबी कापल्यासारखी उघडी काढली होतीस आणि आत नाणं नीट रंगवलं होतंस. मी जिंकले म्हणून मला बरं वाटलं. काय सांगत होतास ते मी परत विचारलं नाही.

आणि पाकीट. शेवटचं चित्र तू सर्वांत आधी काढायचास. कंपनीत म्हणे तसंच असतं, आधी अख्खं मशीन काढायचं, मग त्याचे सुटे भाग. ते चित्र खाकी पाकिटात घालून, डिंकानं चिकटवून, वर सही करून माझ्याकडे द्यायचास. मी ते फोडायचं नाही. "तुम्हाला शेवट कळला की तुम्ही सरळ तिकडं पळत सुटता. मधली पानं उपाशी राहतात." मी गोष्ट लिहीत जायचे, तू मधली चित्रं काढत जायचास, आणि शेवटच्या रविवारी दोघांनी मिळून पाकीट फोडायचं. सहाही वेळा ते मला आवडलं नाही, आणि सहाही वेळा तू ते बदललं नाहीस. मी माझी गोष्ट ओढूनताणून तिथं नेली. पुस्तक छापून आल्यावर मात्र दर वेळी वाटायचं, हाच शेवट होता.

हे मी कौतुक म्हणून लिहीत नाही. तू किती हट्टी होतास, ते लोकांना कळावं म्हणून लिहिते आहे.

कौतुकच करायचं तर हरसूलचं करीन. बाजाराच्या दिवशी आपण तिथल्या शाळेत गेलो होतो, पुस्तकाच्या वीस प्रती घेऊन. मुलांना जादू करून दाखवायचं ठरलं आणि तुझ्या हातून नाणं पडलं. परत केलीस, परत पडलं. ज्या माणसानं कागदावर पन्नास जादू रचल्या त्याला हातानं एक येत नव्हती. बाहीतून नाणं टपकन पायावर पडायचं आणि पोरं हसून लोळायची. एक मुलगी पुढे आली, खाली पडलेलं नाणं उचललं, तुझी बाही उलटी करून बघितली आणि म्हणाली, "सर, जादू खरी राहती का खोटी?"

तू उकिडवा बसलास तिच्यासमोर. म्हणालास, "खरीच राहते. फक्त तिला मागची बाजू राहते. ती बघितली म्हणून जादू खोटी होत नाही." मग तिनं तीच जादू तुला करून दाखवली, आणि तिच्या हातून नाणं पडलं नाही. परतताना घाटात तू स्कूटर थांबवलीस आणि कितीतरी वेळ नुसता हसत उभा राहिलास. त्या दिवशी मी तुझ्यावर अजिबात रागावले नव्हते. असा दिवस एखादाच.

आता सातव्या पुस्तकाकडे येते.

दिवाळीच्या पाडव्याला तू पाकीट आणून दिलंस. बारीक दिसत होतास. मी विचारलं, तर म्हणालास, "कंपनीत नवीन ऑर्डर आहे, जेवायला फुरसत नाही." आता मंगल सांगते की दसऱ्यालाच रिपोर्ट आला होता. म्हणजे माझ्या सोफ्यावर बसून, माझी करंजी खात, तू ठरवून खोटं बोललास. हरसूलला तुझ्या हातून पाच वेळा नाणं पडलं, दत्ता. आयुष्यात तुला एकच जादू साधली, आणि ती तू माझ्यावर केलीस.

मग रविवारी येणं बंद झालं. एकदा ओव्हरटाइम, एकदा पाहुणे, एकदा स्कूटर बंद. चित्रं यायची, मंगल भाजीला आली की देऊन जायची. उंबऱ्यातूनच जायची, चहालाही थांबायची नाही. तिसऱ्या रविवारनंतर मीही फुगून बसले. म्हटलं, याला गरज नाही तर मी कशाला जाऊ? अर्ध्या तासाचा रिक्षाचा रस्ता. गेले असते तर दारातच सगळं कळलं असतं.

संक्रांतीच्या सुमाराला गोष्ट अडली. पुढचं पान सुचेना, तू येईना, आणि टेबलाच्या खणात ते पाकीट. मी फोडलं. वीस वर्षांत पहिल्यांदा, एकटीनं. पाकिटाला तुझी सही होती, तिच्यावरूनच फाटलं.

चित्रात बाजाराचा ओटा होता. गुंजी मध्ये उभी, समोर मुलं, तिच्या तळहाताच्या वर पिंपळाचं पान तरंगतंय, अर्धं वाळलेलं, अर्धं हिरवं. मागे आजोबांचं पोतं अंथरलेलं. पोत्यावर कुणी नाही.

मी तिथल्या तिथे तुला फोन लावला. "आजोबा कुठं आहेत?"

"म्हातारे झालेत बाई आता."

"मुलांच्या पुस्तकात म्हातारी माणसं मारायची नाहीत. सहा पुस्तकं मुलं त्या माणसावर जीव लावून बसलीत."

"मेलेत असं मी कुठं म्हणालो? चित्रात नाहीत, एवढंच." मग म्हणालास, "तुम्ही पाकीट फोडलंत."

"फोडलं."

"फोडायला नको होतं."

तुझा आवाज खाली गेला होता. मला वाटलं, चिडलास. मला तर जोरच चढला. तुझंच शस्त्र तुझ्यावर चालवलं. म्हटलं, "तूच ना, जादूला मागची बाजू पाहिजे म्हणणारा? मग आता सांग. आजोबा तिथं नाहीत, फुंकर कुणी मारली नाही, तर पान वर कसं गेलं?"

मागून भांडी आपटल्याचा आवाज येत होता. मी विचारलं, कुठं आहेस? म्हणालास, "कँटीनमध्ये. बघतो बाई. पानाचं बघतो." आणि फोन ठेवलास. ते कँटीन नव्हतं. दवाखान्यात जेवणाची गाडी आली होती, आणि मंगल शेजारी उभी होती. तिनं तुझ्या हातातून फोन घेतला तेव्हा तू तिला म्हणालास, "बाईंनी बरोबर पकडलं." हे तिनं मला तेराव्याला सांगितलं.

यानंतरचं मला लिहायचं नव्हतं, पण लिहिते. होळी झाली, तू 'बघतो' म्हणालेलं शेवटचं चित्र आलं नाही. प्रकाशकांचे रोज फोन. मी तुला फोन केला आणि तुझ्या साहेबांना जे कधी बोलावं लागलं नाही ते बोलले. म्हटलं, "दत्ता, तुझ्याच्यानं होत नसेल तर तसं सांग. मी दुसरा चित्रकार बघते."

"होईल बाई. आठ दिवस द्या."

"मागच्या महिन्यातही आठच दिवस म्हणाला होतास."

"या वेळी खरंच."

हे आपलं शेवटचं बोलणं. तू एक शब्द बोलला असतास, नुसतं 'बरं नाही' म्हणाला असतास, तर मी ते वाक्य गिळलं असतं. तू मला ते बोलू दिलंस. मंगलकडून वचन घेतलंस, मुलीला गप्प बसवलंस, कंपनीतल्या लोकांना सांगितलंस, सगळ्या जगाला माहीत होतं, आणि मी एकटी मरणाऱ्या माणसाला तारखेवरून झापत होते. यात माझं काय राखलंस तू? मंगल म्हणते, "ते म्हणायचे, बाईंना कळलं तर त्या भांडणार नाहीत माझ्याशी. मऊ बोलतील. मग चित्र काय होणार?" मला हे ऐकून रडू आलं पाहिजे होतं. मी तिला म्हटलं, "मूर्ख होता तुझा नवरा." ती म्हणाली, "हो ताई. मी तेच म्हणत होते त्यांना."

तेरावं झाल्यावर मंगलनं कपाटातून एक पाकीट काढून दिलं. खाकी, डिंकानं चिकटवलेलं, वर सही. सही अशी की मला वाचवेना. आत तेच चित्र, नव्यानं काढलेलं. ओटा, मुलं, गुंजी, तळहातावर तरंगणारं पान, सगळं पूर्ण रंगवलेलं. आणि पोत्यावर फुंकरआजोबा बसलेले. पण रंग नाहीत. अंगाची बाह्यरेषासुद्धा सलग नाही. नुसत्या तुटक रेघा, धोतराच्या, पागोट्याच्या, फुगवलेल्या गालांच्या. गुंजीच्या पाठीमागे, पानाकडे तोंड करून बसलेले.

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं की शेवटी तू माझं ऐकलंस. वीस वर्षांत कधी शेवट बदलला नाहीस, आणि दवाखान्यातल्या खाटेवर, सुई लावलेल्या हातानं, माझ्या हट्टापायी म्हाताऱ्याला परत काढायला बसलास, आणि पुरं करायच्या आत संपलास. त्या तुटक रेघा बघून मला वाटलं, ही तुझी ताकद इथं इथं तुटली. माझ्या फोननं तोडली. मी दोन रात्री झोपले नाही आणि तिसऱ्या दिवशी मला इतका राग आला की ताट आपटलं. आधीचं चित्र चांगलं होतं, दत्ता! मी चुकले होते! सहा वेळा मला धुडकावलंस, मग सातव्यांदाच ऐकायची बुद्धी कुठून झाली?

प्रकाशक म्हणाले, काळजी करू नका, आमचा डिझायनर आहे. कॉम्प्युटरवर रेघा जोडून घेईल, आधीच्या पुस्तकातले आजोबांचे रंग उचलून भरेल, कुणाला कळणारसुद्धा नाही. मी हो म्हणाले. मला ते चित्र डोळ्यांसमोर नको होतं. ते घेऊन मंगलकडे गेले, तुझी उरलेली चित्रं एकत्र केली आणि कुरिअरसाठी पुठ्ठ्यात बांधायला घेतली.

तेवढ्यात पोपटराव आले. तुमच्या कंपनीतले फिटर. मी त्यांना कधी भेटले नव्हते. तुझ्या टेबलातल्या वस्तू घेऊन आले होते, पट्ट्या, कंपासपेटी, पाणी प्यायचा पेला. मंगल चहा टाकायला गेली, आणि ते माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसले. पुठ्ठ्यावरचं चित्र त्यांना दिसलं. हात धोतराला पुसले, चष्मा लावला, आणि वाकून बघत राहिले. बघणं कसलं, बोटानं रेघ न् रेघ चालत गेले, न टेकवता.

मी म्हटलं, "अर्धंच राहिलं हो. पुण्याला प्रकाशकांकडे पाठवतेय, ते पुरं करतील."

पोपटराव म्हणाले, "अर्धं कुठं हाय ताई? पुरं हाय हे."

"अहो, हे आजोबा बघा ना. नुसत्या तुटक रेघा आहेत."

"डॉटेड लाइन हाय ती." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गात पाढा चुकलेल्या पोराकडे बघायचे. "पार्ट हाय, पण ह्या बाजूनं दिसत नाय, मंग त्याला डॉटेड दाखवत्यात. समजा पेटीच्या आत शाफ्ट हाय. भायेरून दिसंल का? नाय दिसणार. पन शाफ्ट हाय म्हनून तर चाक फिरतंय. ते ड्रॉइंगमधी दाखवाया लागतं, नायतर आमी जोडनार कसं? दत्तूसाहेबांची डॉटेड लय साफ. पंचवीस वर्सं त्यांचीच ड्रॉइंगं वाचली म्या." मग परत चित्रावर वाकले. "आता हे बाबा हायेत पोरीच्या मागं. लोकायला दिसत नाय. त्यांनी फुंकर मारली म्हनून पान वर गेलंय. सरळ हाय की."

मी चित्र पुठ्ठ्यासकट जवळ ओढलं. मंगल चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काय झालं ताई?" मी म्हटलं, "काही नाही, साखर जास्त झालीय." कप अजून हातात घेतलाही नव्हता.

मग मी रेघा बघितल्या. आधी बघितल्याच नव्हत्या. प्रत्येक तुकडा सारख्या लांबीचा होता, मधली जागा सारखी होती. गळालेल्या हाताला असं जमत नाही. किती दिवस लागले असतील तुला, सलग ओढण्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि मला ती कुकरची शिट्टी आठवली. वीस वर्षांपूर्वी, त्या डबीतल्या नाण्याशेजारी बोट ठेवून, तू मला हेच सांगत होतास.

म्हणजे तू माझं ऐकलं नव्हतंस. शेवट तोच ठेवलास. आजोबा चित्रात नाहीतच, जसे पहिल्या पाकिटात नव्हते. मी फक्त विचारलं होतं की पान वर कसं गेलं, आणि तू त्याचं उत्तर काढून दिलंस. माझ्या एकुलत्या एका जादूची मागची बाजू. कधीही दाखवायची नाही असं ठरलेली, आणि तू जाता जाता दाखवून गेलास. लबाड माणूस. मला किती हलकं वाटलं, ते तुला सांगता येत नाही. तुला माझ्या हट्टानं मारलं नाही. तुझा हट्ट शेवटपर्यंत शाबूत होता.

मी पुठ्ठा सोडला. प्रकाशकांना तिथूनच फोन लावला आणि म्हटलं, रेघा जोडायच्या नाहीत, रंग भरायचा नाही.

"बाई, पण लोकांना ते अपूर्ण दिसेल."

"पूर्ण आहे ते."

"बरं. आणि त्या पानावरचा मजकूर? तो अजून आला नाही तुमच्याकडून."

"मजकूर नाही त्या पानावर," मी म्हटलं. त्यांनी तेच परत एकदा विचारलं, कारण तू नेहमी म्हणायचास, चित्रात दिसतंय ते लिहू नका, आणि मी नेहमी लिहायचे, हे त्यांनाही माहीत होतं. पोपटराव बशीत चहा ओतून पीत होते. जाताना त्यांनी विचारलं, पुस्तक आलं की नातीसाठी एक मिळंल का? मी म्हटलं, पहिलं तुम्हाला.

हे सगळं झालं, तरी माझा राग गेलेला नाही. पानाचं उत्तर तू दिलंस, पण मी फक्त पानाचंच विचारलं होतं, दत्ता. तुला काय होतंय, हे मी विचारलं नाही. दिवाळीत एकदा विचारलं, तेही करंजीची परात उचलता उचलता. आणि विचारलं नाही ते सांगायचं नाही, ही तुझी खोड. पंचवीस वर्षं गिअरच्या पेट्या काढून काढून तू स्वतःलाही तसंच करून ठेवलंस. मंगलला दिसलं, कंपनीला दिसलं, मी जिथं उभी होते तेवढ्याच बाजूनं दिसलं नाही. ती बाजू मी बदलायला हवी होती, हे मला कळतं. पण मला तसं सांगणारा एकच माणूस होता, आणि तो 'कँटीनमध्ये आहे' म्हणाला.

पुस्तक पावसाळ्यानंतर येईल. ते घेऊन मी हरसूलला जाणार आहे, त्याच शाळेत, बाजाराच्या दिवशी. मुलं म्हणणारच, बाई, जादू करून दाखवा. तू नाहीस, म्हणजे मलाच करावी लागणार. रोज आरशासमोर दोन तळांची डबी घेऊन बसते, आणि नाणं रोज पडतं. शेजारची विचारते, काय पडतं हो सारखं? तिथंही पडणार, मुलं हसणार, मला माहीत आहे. तेव्हा माझ्यामागे कुठं पोत्याबित्यावर बसलेला असशील, तर वीस वर्षं बसलास तसा नुसता गालात हसत बसू नकोस. फुंकर मार.